हवेत खड्डे नसतात, आणि बर्फाचं वजन हा मुद्दाच नाही

विमानप्रवासाबद्दलचा एक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. त्याचं म्हणणं असं: आकाशात हवा नसलेले खड्डे असतात, विमान त्यांत हजारो फूट कोसळतं, पंखही मोडतात. बर्फाच्या वजनाने विमान खाली ओढलं जातं, म्हणून उणे 50 अंशांची उंची सगळ्यात वाईट. पातळ थराची मात्र काळजी नको. आणि रडारला सगळं आधीच दिसतं, तेव्हा पट्टा बांधायची सूचना देणारा दिवा विझला की पट्टा खुशाल सोडा. म्हणजे जिथे घाबरायला हवं तिथे धीर, आणि जिथे धीर द्यायचा तिथे भीती!

आधी खड्डे. हवा सगळीकडे असते. ती फक्त वर-खाली वाहते. खाली जाणाऱ्या झोतात शिरलं की पंखांची उचल क्षणभर घटते आणि पोटात गोळा येतो. पुरावा म्हणून 21 मे 2024 च्या सिंगापूर एअरलाइन्सच्या बोइंग 777 चं नाव हमखास येतं: ‘सहा हजार फूट कोसळलं’. विमानातल्या नोंदी पाहा. म्यानमारवर ते 4.6 सेकंदांत 178 फूट खाली आलं, बस्स. 37,000 वरून 31,000 फुटांवर वैमानिकांनी ते नंतर, ठरवून, सावकाश आणलं. माणसं जखमी झाली ती झटक्याने. 0.6 सेकंदात भार अधिक 1.35 ‘जी’वरून उणे 1.5 ‘जी’वर गेला (1 ‘जी’ म्हणजे जमिनीवर जाणवतं तेवढं नेहमीचं वजन, उणे म्हणजे उलट दिशेने). विमान खाली खेचलं गेलं, पट्टा नसलेले लोक छतावर आदळले, आणि चार सेकंदांत भार पुन्हा उलटल्यावर खाली आपटले.

रडारचा दिलासाही इथेच संपतो. विमानातल्या हवामान रडारला पाण्याचे थेंब दिसतात, कोरडी हवा नाही. जेट स्ट्रीमच्या, म्हणजे खूप उंचावरच्या वेगवान वाऱ्याच्या पट्ट्याच्या, कडेला निरभ्र आकाशात बसणारा धक्का पडद्यावर येतच नाही. रेडिंग विद्यापीठाच्या 2023 च्या अभ्यासानुसार उत्तर अटलांटिकवरच्या कुठल्याही सर्वसाधारण जागी असे तीव्र धक्के 1979 ते 2020 दरम्यान 55 टक्क्यांनी वाढले. दिवा विझलेला असला तरी बसल्याजागी पट्टा असू द्यावा, तो यासाठी.

पंख मोडण्याचं म्हणाल, तर उड्डाणात अपेक्षित असलेल्या कमाल भाराच्या दीडपट भार पंखांना पेलावा लागतो. 1995 च्या चाचणीत 777 चा पंख 154 टक्क्यांवर मोडला. विमान हवेत कधीच तुटलं नाही असं मात्र नाही. 1966 मध्ये फुजी पर्वत ओलांडून पलीकडे उसळणाऱ्या वाऱ्याच्या लाटांत एक बोइंग 707 तुटलं आणि 124 जण गेले.

आता बर्फ. शून्याखालीही ढगातले थेंब पाणीच राहू शकतात. पंखाला लागले की गोठतात. हे मुख्यतः शून्य ते उणे 20 अंशांत घडतं. उणे 40 खाली थेंब उरतच नाहीत, असतात ते कोरडे स्फटिक, आणि ते थंड पंखावर चिकटत नाहीत. म्हणजे धोका चढताना-उतरताना जास्त. अर्थात स्फटिकही निरुपद्रवी नाहीत: 2009 मध्ये एअर फ्रान्स 447 च्या वेग मोजणाऱ्या नळ्या त्यांनीच बुजवल्या. वेगाचे आकडे भरकटले आणि त्यानंतर वैमानिकांच्या हातून विमान सुटलं.

वजनाचं गणित तर साफ चुकीचं. बर्फ पंखाचा आकार बिघडवतो. खरखरीत सँडपेपरइतका थरही उचल 30 टक्क्यांपर्यंत कमी करू शकतो आणि हवेचा रोध 40 टक्क्यांपर्यंत वाढवू शकतो. 1994 मध्ये अमेरिकेत रोझलॉनजवळ एटीआर 72 कोसळलं, तेव्हा पुढच्या कडेचे बर्फ फोडणारे रबरी पट्टे चालू होते. बर्फाचा कंगोरा त्यांच्या मागे जमला होता. त्याने पंखावरची हवा अशी विसकटली की विमान कलवणारी मागची पट्टी आपोआप उचलली गेली. 68 जण गेले.

‘पातळ थराची काळजी नको’ हे वाक्य तेवढं कुणी पुढे पाठवू नये. 10 मार्च 1989 ला कॅनडातल्या ड्रायडनहून एक फोकर एफ-28 पंखांवर हिम घेऊन निघालं. मुख्य इंजिनं सुरू करून देणारं त्याचं छोटं सहायक इंजिन बिघडलेलं होतं आणि तिथे ती पुन्हा सुरू करायची दुसरी सोय नव्हती, त्यामुळे मुख्य इंजिनं बंद करता येईनात, आणि ती चालू असताना बर्फ काढणारा द्रव फवारायला मनाई होती. विमान धावपट्टीपलीकडच्या झाडांत पडलं, 24 जण मेले. प्रवाशांत दोन वैमानिक बसले होते. पंखावरचं हिम खिडकीतून दिसत होतं. कॉकपिटपर्यंत कुणीच ते पोचवलं नाही.