घसरगुंडी

रविवारी सकाळी मी हवाईच्या सोल होओपीची गिटार लावली आणि हातातला झारा तसाच घेऊन बायको बाहेर आली.

"अहो, कोण गेलं?"

तिचा दोष नाही. आमच्या पिढीला ही सवय आकाशवाणीने लावली. नेहमीचे कार्यक्रम बंद होऊन एखादं तंतुवाद्य विव्हळायला लागलं की घरातले आवाज आपोआप खाली यायचे आणि कुणीतरी हळूच "कोण?" एवढंच विचारायचं.

"हाच," मी म्हटलं. "वाजवणारा."

"अगं बाई! कधी?"

"१९५३ साली."

झारा आत गेला. त्या दिवशी पोह्यांत शेंगदाणे नव्हते.

मला स्टील गिटार आवडते. नुसती गिटार आवडते म्हटलं तर लोक सांभाळून घेतात, तरुणपणी राहून गेलं असेल म्हणतात. पण ही गिटार मांडीवर आडवी घ्यायची, तारा पट्टीपासून उचललेल्या, आणि त्यांच्यावरून पोलादाची कांडी घसरवत न्यायची. पडदे नावाला. सूर एका जागेवरून उठून दुसरीकडे जात नाही, घसरत जातो. मला सगळी मौज त्या घसरण्यात वाटते. घरातल्या इतरांना मात्र कुणीतरी मांजराच्या शेपटीवर पाय ठेवल्यासारखं वाटतं.

या व्यसनाचं मूळ बातम्यांत आहे. लहानपणी रेडिओवर कार्यक्रम संपला आणि बातम्यांना दोनतीन मिनिटं उरली की मधली फट बुजवायला गिटारवरची फिल्मी धून लावत. व्हॅन शिपले, सुनील गांगुली अशी नावं कानावर पडायची. मुखडा व्हायचा, गिटार अंतऱ्याकडे निघायची, आणि तेवढ्यात बातम्या. या वाद्यावरचे शेकडो मुखडे मला पाठ आहेत. अंतरा एकाचाही नाही.

बंगाली माणसं या हवाईच्या वाद्याच्या नादी कशी लागली, हे कोडं मला फार उशिरा सुटलं. ताऊ मो नावाचा वादक बायकोमुलांसह जगभर कार्यक्रम करत हिंडत होता. १९४० च्या दशकात हे कुटुंब कलकत्त्याला मुक्काम ठोकून होतं. त्याच्या आधीपासूनच तिथे हवाई बँडांचं खूळ होतं. पुढे हा गृहस्थ म्हातारपणी हवाईला परतला. बॉब ब्रॉझमन हा अमेरिकन वादक त्याची १९२९ ची ध्वनिमुद्रणं भक्तिभावाने ऐकत असे. वाजवणारा हयात आहे, हे कळल्यावर त्याने ताऊ आणि त्याची बायको रोझ यांना गाठलं आणि तीच गाणी त्यांच्याकडून पुन्हा मुद्रित करून घेतली. साठ वर्षांनी! गाणारी बायको तीच. हे मी घरी गहिवरून सांगितलं. "साठ वर्षं ऐकलं तिने?" एवढाच प्रश्न आला.

मूळ कथा तर आमच्या घरी सांगायचीच सोय नाही. १८८९ च्या सुमारास ओआहू बेटावर जोसेफ केकुकू नावाचा मुलगा रुळांच्या कडेने गिटार वाजवत चालला होता. त्याला एक बोल्ट सापडला, तो त्याने तारांवरून फिरवला, आणि हे वाद्य जन्मलं, अशी आख्यायिका आहे. आमच्याकडे रुळाजवळ बोल्ट पडलेला दिसला तर लोकल बंद पडते. तिकडे संगीत सुरू झालं. त्याच्याआधी हवाईत एका हिंदुस्थानात जन्मलेल्या माणसाने अशीच गिटार घसरवून दाखवली होती, असंही सांगतात. हे मी एकदा मामांना बोलून बसलो. तेव्हापासून ते हे वाद्य आपलंच असल्याचं लग्नाकार्यात सांगतात. ऐकत मात्र नाहीत.

खरी लढाई पेटली ती रेझोनेटरवरून. गिटारला वीज जोडण्याआधीच्या जमान्यात नाचाच्या बँडमध्ये कर्ण्यांपुढे आणि ढोलांपुढे गिटारचा आवाज कुणापर्यंत पोचायचाच नाही. म्हणून जॉर्ज बोशां नावाच्या वादकाने कारागीर जॉन दोपयेराला गाठलं, आणि १९२७ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये धातूची गिटार बाजारात आली. तिच्या पोटात ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचे तीन कोन, म्हणजे शंकू, बसवलेले होते. तारा हलल्या की कोन हलतात आणि आवाज खणखणीत बाहेर येतो. अंग जर्मन सिल्व्हरचं. म्हणजे बाहेरून जर्मन सिल्व्हर आणि आतून आपली जर्मनची भांडी!

हे बायकोला प्रत्यक्ष दाखवावं म्हणून मी चालू मोबाईल उचलून स्टीलच्या पातेल्यात ठेवला. आवाज एकदम भरला. तत्त्व काटेकोरपणे तेच नाही, पण संसारात काटेकोर काय असतं?

"दुधाचं पातेलं आहे ते," बायको म्हणाली.

मी पुढे सांगत राहिलो. ती गिटार काढणाऱ्या कंपनीत भागीदारांचं पटेना. दोपयेरा बाहेर पडला आणि भावांना घेऊन त्याने डोब्रो काढली. नावात दोपयेराही आले, ब्रदर्सही आले, आणि स्लोव्हाक भाषेत डोब्रो म्हणजे चांगलं. जुन्या कंपनीच्या पेटंटात अडकू नये म्हणून यांनी एकच कोन घेतला आणि तो वाटीसारखा उताणा बसवला. मग ती जुनी कंपनी एक कोन पालथा घालून एककोनी गिटार विकायला लागली. पुढे काही वर्षांनी दोन्ही घरं पुन्हा एक झाली. अस्सल भाऊबंदकी. तोवर विजेवर चालणारी स्टील गिटारही आली होती. गोल अंग आणि लांब दांडा, म्हणून लोक तिला फ्राइंग पॅन म्हणत.

"सगळे स्वयंपाकघरातच का शिरतात हो?" बायकोने विचारलं. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

माझा संग्रह पंचमेळ आहे, त्यामुळे आरोपही पंचमेळ होतात. बुका व्हाइट हा ब्लूजवाला नुसत्या गिटारवर आगगाडीचा आवाज काढतो. ते ऐकून लेक म्हणते, "बाबा, तुम्ही रोज तीन तास गाडीतच असता ना?" बग्ज बनी सशाच्या जुन्या कार्टूनच्या सुरुवातीला जो 'बॉइंग' आवाज येतो, तो फ्रेडी तावारेसने स्टील गिटारवर काढलेला आहे, हे मी तिला अभिमानाने सांगितलं. आता मी काहीही लावलं तरी ती ससा शोधते. नायजेरियाच्या किंग सनी अडेच्या बँडमधली पेडल स्टील, म्हणजे पायाखाली पेडल असलेली स्टील गिटार, लावली, तर वॉशिंग मशीनचं चक्र संपलं असं समजून दोघी गॅलरीत गेल्या.

अंध विली जॉन्सनचं १९२७ चं एक ध्वनिमुद्रण आहे. त्यात शब्द नाहीत. नुसतं हुंकारणं, आणि त्याच्या मागोमाग घसरत जाणारी तार. रात्री अकराला मी ते हळू आवाजात लावलं होतं. तिसऱ्या मिनिटाला खालच्या मजल्यावरच्या काकांचा फोन आला. "वहिनींना बरं नाही का?" मी सांगितलं, "काका, हे १९७७ मध्ये व्हॉयेजर यानातून अंतराळात पाठवलंय. सूर्यमालेच्या पार निघालंय."

"मग जाऊ द्या ना त्याला," काका म्हणाले.

पक्षात फक्त आई. अमेरिकेतल्या काही कृष्णवर्णीय चर्चमध्ये १९३० च्या दशकापासून स्टील गिटार वाजते. उपदेशक बोलतो, गिटार त्याचं वाक्य पकडते, वर नेते, आणि माणसं उभी राहून टाळ्या धरतात. इंग्रजीचं एक अक्षर न कळता आई म्हणाली, "कीर्तन आहे हे. गजर चाललाय." ब्रिजभूषण काबरांनी गिटारवर वाजवलेला राग लावला, तर तिने डोळे मिटले आणि "मींड आहे हो" म्हणाली. मींड म्हणजे सूर न तोडता घसरत नेणं. मला भरून आलं. नंतर ती घोरत होती. पण मींड आधी म्हणाली होती.

हुरूप येऊन मी भाच्याची गिटार मांडीवर आडवी घेतली आणि वरणाच्या पळीचा दांडा तारांवर टेकवला. या वाद्यात पडदे नुसता अंदाज देतात, सूर कानानेच शोधायचा. केसभर अलीकडे तरी बेसूर, केसभर पलीकडे तरी बेसूर. पंचम लागायच्या आत दारावरची बेल दोनदा लागली. पळी काढून घेतली गेली.

गेल्या मंगळवारी मी ऑफिसातून लवकर आलो. स्वयंपाकघरातून सुनील गांगुली ऐकू येत होते. माझा जुना मोबाईल पातेल्यात होता, आणि बायको मटार सोलत मुखड्याबरोबर गुणगुणत होती. मी चप्पल न काढता दारातच उभा राहिलो. मुखडा दुसऱ्यांदा झाला. गिटार घसरत अंतऱ्याकडे निघाली.

"आलात? बरं झालं. दूध तापवायचंय," ती म्हणाली, आणि मोबाईल माझ्या हातात देऊन तिने पातेलं विसळलं. तळहातावर तो आवाज डासाएवढा झाला. मी कानाला लावला.

अंतरा वाजला असावा. मिक्सर चालू होता.