टंगस्टन घातलं की धातू उष्णता सोसतो?

पुण्यातल्या इंजिनिअरांच्या ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतो आहे. भोसरी-चाकणच्या कारखानदारांपासून सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजात धातुशास्त्र शिकणाऱ्या पोरांपर्यंत सगळ्यांकडे तो पोचला आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: उष्णता सोसणारा मिश्रधातू हवा तर सर्वांत उशिरा वितळणारा धातू घ्या. परदेशी कंपन्या सूत्र दडवून ठेवतात म्हणूनच आपलं अडतं. ॲल्युमिनियमच्या रसात सिरॅमिकची पावडर ढवळली की तेच काम स्वस्तात होतं. आणि आता संगणक आठवडाभरात नवा मिश्रधातू शोधून देतो, तेव्हा चाचण्यांवर वर्षानुवर्षं पैसा घालवणं बंद करा. मी हीट ट्रीटमेंटच्या धंद्यातला माणूस. शेवटची सूचना कुणी खरंच अमलात आणेल, ही धास्ती वाटते म्हणून सविस्तर लिहितो आहे.

पहिला मुद्दा वितळण्याचा. टंगस्टन 3422 अंश सेल्सिअसला वितळतं, निकेल 1455 ला. तरी जेट इंजिनाची टर्बाइन ब्लेड निकेलच्या मिश्रधातूची असतात. का? टंगस्टन तापलेल्या हवेत टिकत नाही. हजार अंशांच्या वर त्याचा ऑक्साइड चक्क उडून जायला लागतो, म्हणून तर जुन्या बल्बमध्ये फिलामेंटभोवती हवा ठेवत नसत. शिवाय त्याची घनता 19.3, निकेलची 8.9. मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या चकतीवर एवढं वजन लादलं तर ब्लेड स्वतःच्याच ओढीने मुळातून निसटायला बघणार. निकेलच्या मिश्रधातूत क्रोमियम आणि ॲल्युमिनियम पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ, घट्ट थर धरतात आणि तो थर आतला धातू वाचवतो. आत निकेल-ॲल्युमिनियमचे सूक्ष्म कण असतात, त्यांची ताकद तापमान वाढेल तशी सातशे-आठशे अंशांपर्यंत वाढतच जाते. आधुनिक इंजिनात ब्लेडवर येणारा वायू 1500 अंशांच्या पुढे असतो, म्हणजे मिश्रधातू वितळेल त्याहून जास्त. ब्लेडच्या पोटातून थंड हवेच्या वाटा काढलेल्या असतात आणि बाहेरून झिरकोनिया या सिरॅमिकचा लेप असतो, म्हणून ते तगतं.

एवढ्या लांबही जायला नको. भोसरीतल्या कुठल्याही कार्बुरायझिंग भट्टीवर, म्हणजे पोलादाच्या पृष्ठभागात कार्बन मुरवून तो कडक करतात तिथे, जाऊन ट्रे बघा. गिअर भरलेला ट्रे नऊशेच्या वर तास न् तास बसतो आणि तिथून थेट तेलात बुडतो. 35 टक्क्यांच्या आसपास निकेल घातलेलं ते ओतीव पोलाद वितळायला आणखी चार-पाचशे अंश लागतील. तरी काही महिन्यांत ट्रे मधोमध झोल खातो, कोपऱ्यांना चिरा पडतात, भट्टीतला कार्बन ट्रेमध्येच मुरून तो ठिसूळ होतो. मग तो रोलरवर सरळ बसत नाही आणि पूर्ण लॉट अडकतो. भंगारात गेलेले ट्रे मी पुष्कळ बघितले, वितळलेला एकही नाही. वजनाखाली हळूहळू लांबत जाणं म्हणजे क्रीप, पुन्हा पुन्हा तापून-निवून येणारा थकवा, आणि वायूने खाणं: उष्णतेत धातू मरतो तो या तिघांमुळे.

सूत्र दडवल्याचा आरोप तर लगेच बाजूला ठेवता येतो. जेट इंजिनात वापरल्या जाणाऱ्या इनकोनेल 718 या निकेलच्या मिश्रधातूचंच घ्या. हर्बर्ट आयझेलस्टाइन यांच्या नावावर 1962 मध्ये त्याचं पेटंट झालं. निकेल 50 ते 55 टक्के, क्रोमियम 17 ते 21, नायोबियम पाचच्या आसपास, हे सगळं मानकांत छापलेलं आहे. तुकडा हातात असेल तर स्पेक्ट्रोवर, म्हणजे धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्रावर, काही मिनिटांत कळतं. अवघड आहे ते पुढचं. निर्वात भट्टीत वितळवणं, ओतलेला ठोकळा (इन्गॉट) पुन्हा वितळवून नायोबियम एका जागी गोळा होऊ न देणं, फोर्जिंगचं तापमान नेमकं धरणं, मग 720 अंशांवर 8 तास, भट्टीतच 620 वर उतरवून पुन्हा तेवढाच मुक्काम. हे कागद वाचून येत नाही, हीटमागून हीट, म्हणजे घाण्यामागून घाणा, ओतून येतं. हैदराबादच्या डीएमआरएलने, म्हणजे डीआरडीओच्या धातू प्रयोगशाळेने, एकस्फटिक (अख्खं पातं एकाच स्फटिकाचं) ब्लेड याच वाटेने साध्य केली. 2021 मध्ये डीआरडीओने हेलिकॉप्टरच्या इंजिनासाठी अशी 60 ब्लेड विमानं-हेलिकॉप्टर बनवणाऱ्या एचएएलला दिली. ‘आपलं अडतं’ म्हणणाऱ्यांनी ही बातमीही पुढे पाठवावी.

कॉम्पोझिटबद्दलच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या रसात सिरॅमिक मिसळण्याच्या, मुद्द्यात तथ्य आहे, पण अर्धंच. टोयोटाने 1983 मध्येच डिझेल इंजिनाच्या पिस्टनमध्ये रिंगच्या खाचेपाशी सिरॅमिक तंतू घातले. झीज कमी झाली. मात्र सिलिकॉन कार्बाइडसारखी सिरॅमिक पावडर ढवळल्याने ॲल्युमिनियम 660 ऐवजी हजार अंशांना वितळायला लागत नाही. कडकपणा वाढतो, प्रसरण घटतं, ब्रेक डिस्कला ते उपयोगी पडतं. मेसेजमध्ये सुचवलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनाचा तापलेला धूर बाहेर नेणाऱ्या भागाला, नाही. आणि ‘पावडर ढवळली की झालं’ हेही खोटं. कण रसात भिजत नाहीत, गुठळ्या होतात. रस जास्त तापला तर कणाभोवती ॲल्युमिनियम कार्बाइड बनतं आणि ते दमट हवेत कुजतं, त्यासाठी मिश्रधातूत सिलिकॉन भरपूर ठेवावं लागतं. पुढे मशिनिंगला साधी कार्बाइडची कापणारी टोकं (इन्सर्ट) बघता बघता घासून जातात, पीसीडी म्हणजे कृत्रिम हिऱ्याचं टूल घ्यावं लागतं. स्वस्ताई तिथे संपते.

आता संगणक. तो हजारो मिश्रणांतून मोजकी निवडून देतो, ही फार मोठी मदत आहे आणि आपल्याकडे ती अजून खूप वापरायला हवी. पण बॉयलरच्या नळ्यांसाठी पोलाद निवडताना 1 लाख तासांची ताकद विचारतात, म्हणजे 11 वर्षांहून जास्त. बोटाएवढा नमुना छोट्या भट्टीत लटकवायचा, तरफेने वजन द्यायचं आणि तो किती लांबला हे नोंदत राहायचं. 10,000 तासांची एक चाचणी जवळपास 14 महिने चालते. पुढचा अंदाज त्यावरून बांधतात, आणि तो चुकू शकतो. बॉयलरमध्ये सर्रास वापरलं जाणारं पी-91 पोलाद 1980 च्या दशकात मानकांत आलं. पुढे दीर्घ मुदतीच्या चाचण्यांचे आकडे हाती आले तेव्हा त्यावर टाकायचा ताण मानकांना कमी करावा लागला, आणि वेल्डच्या शेजारच्या पट्ट्यात चिरा पडतात हे वापरातून समोर आलं. हा मेसेज दाखवून कुणी तुमच्या क्रीप चाचण्यांचं बजेट कापायला निघालं, तर त्याच्यासमोर पी-91 चे जुने आणि नवे आकडे शेजारी शेजारी ठेवा.