बोट पाण्यात चालते म्हणे

पिकपच्या मागे बोट लावायची म्हटलं की सगळे एकच विचारतात, ओढेल का? अरे बाबा ओढेल, ओढायचं काय घेऊन बसलात! ऑस्ट्रेलियात हायलक्स, डी-मॅक्ससारख्या मधल्या साइजच्या पिकपला कंपनीच 3,500 किलोपर्यंत ओढायची परवानगी देते, फक्त त्याच्याच खाली लिहिलेलं असतं की ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील तर 750. ही खालची ओळ कोणी वाचत नाही. आमच्या शालकाने तर वरची पण वाचली नव्हती. त्याने सुरतला एक सेकंडहँड फायबरची बोट बघितली, बावीस फुटी, मागे इंजिन, खाली ट्रेलर, सगळं मिळून दोन टनाच्या आसपास, हतनूर धरणाच्या बॅकवॉटरला मासे धरू म्हणून पैसे देऊन मोकळा झाला आणि मग मला फोन, "दाजी, तुमची पिकप रिकामीच उभी आहे ना?"

बरं, तापी हतनूरहून निघते ती भुसावळ, प्रकाशा करत सुरतलाच जाते, म्हणजे रस्ता देवानेच करून ठेवलेला, पण मधे उकाई आणि काकरापारची धरणं बांधून ठेवलीत. त्यामुळे नदीत चालायची वस्तू नदी सोडून हायवे 53 ने येणार, तेही माझ्या डिझेलवर.

टो-बार, म्हणजे ट्रेलर अडकवायचा पिकपच्या मागचा हुक, जळगावच्या एमआयडीसीत करून घेतला होता. सुरतेत आधी ट्रेलरचा ब्रेक दुरुस्त करून घेतला, शालकाच्या खर्चाने, तेवढंच समाधान. निघालो. आणि सोनगढच्या पुढे काटा सत्तरच्या वर गेला की मागची बोट डोलायला लागली, आधी थोडी, मग पिकपचं मागचं अंगही तिच्यासोबत. शालक ओरडतोय, "दाजी ब्रेक मारा, ब्रेक!" नेमका तोच मारायचा नसतो. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढायचा, स्टेअरिंग सरळ धरायचं, आणि शालकाकडे बघायचं नाही.

विसरवाडीला चहाला थांबलो तर टपरीवर एक म्हातारे बाबा बसले होते, पांढरी टोपी, हातात काठी. बोटीभोवती एक फेरी मारली, हुकाजवळ आले, हाताने जरा वर उचलून बघितलं आणि म्हणाले, "गाडी उलाळ शे." झालं. इंजिन आधीच मागे, त्यात शालकाने पेट्रोलचे कॅन, नांगर, साखळी, बॅटरी सगळं मागेच रचलेलं. बैलगाडीत मागे भार झाला की जू बैलांच्या मानेवरून वर उचलतं, तसंच हे. पुस्तकात लिहितात की एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार हुकावर यायला पाहिजे, म्हणजे आमच्या दोन टनाला दोनशे ते तीनशे किलो. बाबांना टक्के माहीत नव्हते, त्यांना बैल माहीत होते. सामान पुढे घेतलं आणि बोट एकदम गरीब गायीसारखी मागे यायला लागली.

कोंडाईबारी घाट चढला, एसी बंद, गिअर खालचा, टेम्परेचरच्या काट्याकडे डोळे, मागे ट्रकांची रांग. पण खरा ताप सपाटीवर. दोन टन मागे असले की थांबायला लांब जागा लागते, म्हणून मी पुढे जागा सोडायचो, आणि आपल्याकडे हायवेवर जागा सोडली की ती सगळ्या गावाची होते. मोटरसायकल घुसली, रिक्षा घुसली, एक तर ट्रॅक्टर घुसला आणि घुसून वर हात दाखवतोय, थँक्यू म्हणून!

साक्रीला सिग्नल नाही काही नाही, पण लोकांनी थांबवलंच. "आमनी नदीमा पानी नई शे, तुम्ही नाव लई हिंडी ऱ्हायनात!" दुसऱ्याने विचारलं लग्नाच्या वरातीला किती घेता. भाव सांगायला शालकाने तोंड उघडलं होतं, मी गाडी काढली.

पारोळ्याच्या पुढे ढाब्यावर शेवभाजी खाल्ली, इथपर्यंत ठीक. निघताना कळलं की पुढे केळीचा ट्रक लागलाय आणि रिव्हर्स घ्यावा लागणार. रिव्हर्सला ट्रेलर उलटा वागतो, स्टेअरिंग उजवीकडे फिरवलं की तो डावीकडे पळतो. बाहेर पाच-सहा जण उभे राहिले, एक म्हणे कट मारा, एक म्हणे सरळ येऊ द्या, एक नुसताच पिकपवर थाप मारतोय, आणि बोट हळूहळू ढाब्याच्या खाटांकडे चालली, खाटेवरचा माणूस ताट उचलून उठला पण जेवायचा थांबला नाही. शेवटी नुकतं मिसरूड फुटलेला एक पोरगा आला, म्हणे काका तुम्ही उतरा. एक हात स्टेअरिंगच्या खालच्या बाजूला धरला, ट्रेलर जिकडे न्यायचा तिकडेच हात सरकवत गेला, आणि एका दमात बाहेर. घरी ट्रॅक्टर-ट्रॉली आहे म्हणे, उसाच्या बांधावर रोजचंच. लायसन निघायचंय अजून. मी उरलेली शेवभाजी पार्सल घेतली, दुसरं काय करणार.

हतनूरला पोचलो तर पाणी बरंच आत सरकलेलं, मधे नुसता चिखल. भोई मंडळींनी फळ्या टाकल्या, दोर लावला आणि बोट उतरवली, मला काही करू दिलं नाही हे बरं.

संध्याकाळी शालकाचं स्टेटस, "स्वप्न पूर्ण झालं." फोटोत बोट आहे, ट्रेलर आहे, तो गॉगल लावून आहे, पिकप बरोब्बर हुकापाशी कापलेली. सासऱ्यांनी ते बघून मला फोन केला, म्हणाले, जावईबापू, पोरगा एकटा एवढी मोठी बोट घेऊन आला, तुम्ही तरी सोबत जायला पाहिजे होतं.