शोध लावलाय? मग तो कारखानदाराच्या दारात नेऊन ठेवा

अभिनंदन! तुम्ही काहीतरी नवीन बनवलंत. आता ते कारखानदाराच्या घशात सुखरूप कसं घालायचं, एवढंच शिकायचं राहिलं. मी हा कोर्स नुकताच पूर्ण केलाय. फी म्हणून दोन वर्षं आणि एक यंत्र भरलं.

सगळ्यात आधी, पेटंटच्या नादाला लागू नका. पेटंटचं नाव काढलं की समोरच्याला वाटतं, याचा आपल्यावर विश्वास नाही. किती वाईट दिसतं ते! एकट्या माणसाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी १६०० रुपये पडते. तेवढ्यात मित्रांची एक बैठक होते. काम अर्धवट असलं तरी प्रोव्हिजनल म्हणजे तात्पुरता अर्ज टाकून आजची तारीख आपल्या नावावर करता येते आणि पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात, हे तर कानावरसुद्धा येऊ देऊ नका. पुढं तपासणीचे ४००० वेगळे, अर्ज लिहून देणाऱ्या पेटंट एजंटचे त्याहून वेगळे, असलं पुटपुटत विषय बंद करा.

त्याऐवजी व्हिडिओ काढा. माझं यंत्र ठिबकच्या नळ्या गुंडाळायचं. पाच फुटी सरीला एकरात सव्वीसशे मीटर नळी निघते आणि हातानं ओढताना ती चिखलात, ढेकळात अडकून ताणते. मी सायकलच्या हबवर ड्रम बसवला, मध्ये जुन्या ब्रेक लायनरचे दोन तुकडे आणि स्प्रिंग. नळी अडकली की ड्रम जागच्या जागी घसरतो, नळीला काही होत नाही. झालं, लगेच व्हिडिओ केला आणि चार गावांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. अंगठेच अंगठे! पुढं एजंटनं पहिलाच प्रश्न विचारला, "अर्जाआधी कुठं दाखवलंत?" मी अभिमानानं व्हिडिओ दाखवला. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. जगाला आधीच दाखवलेली वस्तू नवी कशी म्हणायची, असा कायद्याचा सरळ हिशेब असतो.

गुप्ततेचा करार? छे, छे. कारखानदार भला माणूस आहे, चहा पाजला त्यानं.

पैशाचा विषय कधीच तुम्ही होऊन काढू नका.

आता मुख्य धडा. यंत्र तिथंच ठेवून या. "ठेवून जा की सर, आमची पोरं जरा चालवून बघतील," असं साहेब म्हणाले की ताबडतोब ठेवा. पोचपावती मागू नका. मग दर पंधरा दिवसांनी फोन करा. साहेब मीटिंगमध्ये असतील. नंतर साहेब साइटवर असतील. मग साहेब कळवतील, "चांगलं आहे, पण यात नवीन काय? हब जुनाच, स्प्रिंग जुनीच." हे ऐकून मान डोलवा. जुने भाग नुसते शेजारी शेजारी मांडून प्रत्येकानं आपापलं जुनंच काम केलं, तर तो शोध होत नाही, असं १९७० च्या कायद्यात कलम ३ मध्ये आहे खरं. पण माझ्या यंत्रात तो हब, लायनर आणि स्प्रिंग मिळून एक नवंच काम करतात, हे बोलायचं मला घरी येऊन आठवलं. तुम्हालाही घरी येऊनच आठवू दे.

मग यंत्र परत मागा. सापडत नाही म्हणतील. भंगारात गेलं असेल, म्हणतील.

आणि मी गेल्या महिन्यात गेलो तसे कृषी प्रदर्शनाला जा. हिरव्या रंगाचं, स्टिकर लावलेलं, तुमचंच यंत्र बघा.

माझंच कशावरून? सांगतो. बेअरिंगच्या पट्टीवर मी उलट्या कडेनं माप घेतलं होतं आणि आठ मिलिमीटरचं एक भोक भलत्याच जागी पडलं. आयटीआयमध्ये तीस वर्षं पोरांना 'दोनदा मोजा, एकदा पाडा' शिकवलेला माणूस मी! लाजेनं वर ग्रीस फासून ते भोक झाकलं होतं. प्रदर्शनातल्या प्रत्येक यंत्राच्या पट्टीला त्याच जागी तेच भोक. मी स्टॉलवरच्या पोराला विचारलं, हे कशासाठी? तो म्हणाला, "ऑइलिंगसाठी आहे काका."

ऑइलिंगसाठी! त्या भोकाच्या मागं काय आहे, माहितीये? काही नाही. हवा.

बास झाला उपरोध. साहेब, तुमच्याकडं पगारी इंजिनिअर आहेत, कॉम्प्युटरवर आराखडे काढणारं कॅड आहे, वकील आहेत. एका निवृत्त मास्तराला दहा हजार रुपये आणि स्टिकरवर कोपऱ्यात नाव, एवढं देऊन तुमचं काय कमी झालं असतं? मी नाही म्हणालो नसतो हो. पेढे वाटले असते. आणि तुम्ही, हे वाचून हसणारे, तुमच्या शेडमध्ये पडलेल्या त्या जुगाडाचा अर्ज टाकलात का? नाही ना? मग हसताय कशाला? अर्ज ऑनलाइन होतो, मुंबईत अँटॉप हिलच्या पेटंट ऑफिसात खेटे घालावे लागत नाहीत. उठा. आज टाका.

आणि साहेब, चोरी केलीत ती केलीत, ते भोक तरी बुजवायचं होतं.