तंजावरच्या देवळाची सावली पडते!

हजार वर्षांपूर्वीचा तमिळ राजा राजराज चोळ आणि त्याने तंजावरला बांधलेलं बृहदीश्वराचं देऊळ, यांच्यावरचा तो फॉरवर्ड परत सगळ्या ग्रुपवर फिरतोय. बृहदीश्वराची सावली जमिनीवर पडत नाही, शिखरावर ८० टनांचा एकच दगड आहे, राजराजाने इंडोनेशियापर्यंत राज्य केलं आणि इंग्रजांनी त्याचं नाव दडपलं, असं सगळं त्यात आहे. राजराज मला फार मोठा राजा वाटतो, म्हणूनच हे वाचून त्रास होतो.

आधी सावली. पडते. सकाळ-संध्याकाळ चांगली लांबलचक पडते, तिचे फोटो ढिगाने आहेत. एप्रिलमध्ये एकदा आणि ऑगस्टमध्ये एकदा सूर्य तंजावरच्या बरोबर डोक्यावर येतो तेव्हा भर दुपारी ती दिसेनाशी होते, पण तशी ती आपल्या पुण्या-मुंबईतही मे आणि जुलैमध्ये गायब होतेच की, त्यात देवळाच्या बांधणीचा काही संबंध नाही.

८० टनांचा दगड म्हणाल तर वरचा घुमटासारखा भाग अखंड नाहीये, बरेच दगड जोडून केलाय. मग तो एक दगड चढवायला सहा किलोमीटरचा उतार बांधला होता ही गोष्टही तिथेच संपते. अहो, आसपास ग्रॅनाइटची खाण नसताना लांबून दगड आणून जवळजवळ दोनशे फूट उंच आणि आतून पोकळ विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचं शिखर, उभं केलं, हे काय कमी आहे का?

इंडोनेशियाचं म्हणाल तर श्रीविजयवरची, म्हणजे तिथल्या सुमात्राच्या राज्यावरची, आरमारी मोहीम 1025 च्या सुमाराची, म्हणजे मुलाची, राजेंद्राची. राजराज 1014 लाच गेला. त्याने उत्तर श्रीलंका घेतली, मालदीव घेतलं. श्रीविजयशी मात्र त्याचं चांगलं होतं, तिथल्या राजाने नागपट्टिनमला बौद्ध विहार बांधला त्याला राजराजाने आनैमंगलम गावाचं उत्पन्न लावून दिलं.

आणि या मेसेजमध्ये जे मुळीच नसतं ते तर देवळाच्या भिंतीवरच कोरलेलं आहे. आपण दिलेलं, अक्काने दिलेलं, आपल्या राण्यांनी दिलेलं आणि इतरांनी दिलेलं, सगळं विमानाच्या दगडावर कोरा, असा राजराजाचा हुकूम आहे. अक्का म्हणजे थोरली बहीण कुंदवै, आणि तिचं नाव राण्यांच्या आधी! कारकिर्दीच्या 25 व्या वर्षी, 275 व्या दिवशी कळस दिला, ही नोंद आहे. देवळातल्या चारशे नर्तकी, प्रत्येकीचं नाव, ती कुठल्या देवळातून आली, कुठल्या आळीत कितवं घर मिळालं, वर्षाला 100 कलम (धान्याचं जुनं माप) भात, सगळं लिहिलंय. मुख्य स्थपती कुंजरमल्लन पेरुंतच्चन, त्याचं नाव आहे, न्हावी, परीट, शिंपी यांचे वाटे आहेत. हजार वर्षांपूर्वी बांधकाम करणाऱ्याचं नाव भिंतीवर ठेवणारे राजे कितीसे सापडतात? हे सोडून आपण सावलीवर भांडत बसतो याचं खरंच वाईट वाटतं. लपवाछपवीही नाही, शेजारच्या चेर-पांड्य राजांना हरवून आणलेल्या संपत्तीतून काय काय केलं तेही सरळ लिहिलंय. त्या लढायांची दुसरी बाजू हवी असेल तर कर्नाटकातला 1007 चा होट्टूरचा शिलालेख वाचा, चोळ सैन्याने बायका-पोरं आणि ब्राह्मणसुद्धा मारले असं तिथले चालुक्य राजे सांगतात. शत्रूने लिहिलंय म्हणून थोडं जपून घ्यावं, पण टाळू नये.

राहिलं नाव दडपण्याचं. उलट झालंय. देऊळ कोणी बांधलं हेच लोक विसरून गेले होते, स्थळपुराणात करिकाल या कितीतरी जुन्या चोळ राजाचं नाव येतं. आपल्या भोसल्यांचं राज्य तिथे होतं, सरफोजीराजांनी 1803 मध्ये याच देवळात भोसले वंशाचा मोठा मराठी शिलालेख कोरून घेतला, आणि तरी शेजारच्या जुन्या तमिळ अक्षरांत काय आहे ते तेव्हा कोणाच्या ध्यानात नव्हतं. 1886 मध्ये हुल्ट्श नावाच्या जर्मन अभ्यासकाने ते लेख वाचले आणि राजराजाचं नाव पुन्हा पुढे आलं. 1891 पासून ते सरकारी खंडांत भाषांतरासकट छापलेत, कुणीही उघडून वाचावेत.