ऑनिंग रात्रभर पावसात उघडी ठेवू नका

नाशिकच्या भटक्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर ऑनिंगबद्दल, म्हणजे कॅम्पर व्हॅनच्या (आत झोपायची सोय असलेल्या गाडीच्या) बाजूला उघडणाऱ्या कापडी छताबद्दल, एक मेसेज फिरतोय: ‘कॅम्पर व्हॅनची ऑनिंग वॉटरप्रूफ असते. पावसात रात्रभर उघडी ठेवा, सकाळी ओलीच गुंडाळा, डाग पडले तर कपड्यांच्या पावडरने धुवा.’ पहिलं वाक्य बहुतेक ऑनिंगांबाबत ठीक. पुढचं सगळं महागात पडणारं.

पाणी कापडातून गळलं नाही तरी वर साचतं. २ बाय २ मीटरच्या झोळात सरासरी ५ सेंटिमीटर पाणी म्हणजे २०० लिटर, म्हणजेच २०० किलो! एवढ्या वजनाने ऑनिंगचे हात वाकतात, गाडीवरची पकडही उखडू शकते. म्हणून पुढचा एक पाय दुसऱ्यापेक्षा खाली घेऊन उतार द्यायचा. त्यात इगतपुरी-त्र्यंबककडचा आषाढातला पाऊस वाऱ्यासकट येतो. तिथे झोपण्याआधी ऑनिंग बंदच करावी, दोऱ्या-खुंट्या कितीही ठोकल्या असोत. (भिजलेल्या जमिनीत खुंट्यांचा भरवसा तो काय?)

ओली गुंडाळावी लागलीच, तर घरी पोचल्यावर लगेच उघडून पूर्ण वाळवा. नाहीतर बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि ते सहसा जात नाहीत. धुवायला कोमट पाणी आणि मऊ ब्रश पुरे. पावडरने पाणी अडवणारा लेपच खराब होतो.