कारण विचारणारे तुम्ही कोण?

सोलापुरातल्या विडी कामगार बायकांपर्यंत सरकारी योजना किती पोचतात, यावर मी एम.ए.चा प्रबंध करतेय. कार्यालयात आकडे मागितले की ठरलेला प्रश्न, "कशाला पाहिजेत?" अहो, माहितीचा अधिकार २००५ मध्येच मिळाला! कलम ६(२) स्पष्ट सांगतं, अर्जदाराला कारण विचारायचं नाही. तरी विचारतात. मग "साहेब मीटिंगला गेलेत", मग "सोमवारी या".

इकडे बायका मान मोडून विड्या वळतात. त्यांच्यासाठी १९७६ मध्ये कल्याण निधी झाला. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि या निधीला पैसा पुरवणारा उपकरच गेला. मग आता पोरींच्या शिष्यवृत्तीला, दवाखान्याला पैसा येतो कुठनं, पोचतो किती जणींना? एवढंच विचारतेय. संताप होतो नुसता. त्या बायकांचेच आकडे आहेत ते, द्या की!